बापाहून दोन वर्षांनी मोठा

३ मार्च, सोमवार

बाबा,

मंडळानं शनिवारी ठरवलं: बेचाळीसचे बावीस करायचे. छापखान्याच्या व्यवस्थापकांनी आज सकाळी फोन करून मला हे सांगितलं, आणि दुपारी आत्यानं त्याला दुजोरा दिला. शेवटच्या प्रुफांवर सही करायला तुम्ही नकार दिलात, हेही दोघांकडून कळलं. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, ते ऐकतच नाहीत." आत्या म्हणाली, "दादा ऐकतोय सगळं. मानत नाहीये, एवढंच."

"तुम्ही समजवा त्यांना," असंही व्यवस्थापक म्हणाले. माझा तो लेख छापून आल्यापासून, म्हणजे चार वर्षं, आपण एकमेकांशी बोललेलो नाही हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी फोन केला, म्हणजे त्यांची काय पंचाईत झाली असेल बघा.

मला समजलं ते पुन्हा मांडते. पान सोडण्याआधी तपासून घ्यायची सवय आहे आणि ती तुमचीच देणगी आहे. बायबलची नवी आवृत्ती निघतेय. शेवटचं वाचन तुम्हीच करावं म्हणून निवृत्तीनंतरही तुम्हाला बोलावलंय. डोळे साथ देत नाहीत म्हणून तुम्ही ऐकता आणि दुसरं कुणीतरी मोठ्यानं वाचतं. वाचता वाचता इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात तुम्ही हात वर करून थांबवलंत.

तिथं यहोराम राजा चाळीस वर्षांचा होऊन मरतो आणि त्याचा मुलगा अहज्या गादीवर बसतो, वय बेचाळीस. मुलगा बापाहून दोन वर्षांनी मोठा, आणि तोही घरातलं शेंडेफळ! राजांच्या पुस्तकात त्याच मुलाचं वय बावीस दिलंय. नव्या मुद्रितशोधकांना ही खिळे जुळवणाऱ्याची चूक वाटली. त्यांनी बावीस केलं. त्यातून त्यांना हुरूप आला असावा. दावीदानं मारलेल्या गल्याथाला पुढे एलहानान नावाचा दुसराच माणूस मारतो. तिथं त्यांनी 'गल्याथाच्या भावाला' असं करून टाकलं. यहूदा इस्कार्योत एका ठिकाणी गळफास घेतो, दुसऱ्या ठिकाणी शेतात पडून पोट फुटून मरतो. तिथं त्यांनी मध्ये एक तुटलेला दोर आणून ठेवला. आत्या त्यांना 'इस्त्रीवाले' म्हणते. "सुरकुती दिसली की फिरवलीच!"

आणि तुम्ही म्हणालात, "जुन्या प्रतीत आहे तसं लावा."

बाबा, माझ्यासारख्या न मानणाऱ्या बाईनं यावर टाळ्या वाजवाव्यात हे तुम्हाला रुचणार नाही. म्हणून टाळ्या वाजवत नाही. फक्त आभार मानते. का, ते पुढच्या पत्रात सांगेन. आज पान लावायचं आहे आणि उपसंपादक दोनदा डोकावून गेलाय.

तुमची,
मोठी

९ मार्च, रविवार

बाबा,

तुमचा निरोप मिळाला. आत्यानं शब्दशः वाचून दाखवला: "तिला सांग, त्या लेखात इफ्ताहची गोष्ट 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे असं छापलंय. ती अकराव्यात आहे." बस. चार वर्षांनंतर बापाकडून लेकीला आलेला हा पहिला निरोप.

मी विचारलं, "आणखी काही नाही म्हणाले?"

आत्या म्हणाली, "अगं, तेवढं बोलला हे काय कमी आहे? मी तर देवाचे आभार मानले. तू आपली कुणाचे मानायचे ते मान."

तुमचेच मानते. लेख तुम्ही नीट वाचला होतात, हे मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटायचं की मथळा बघूनच तुम्ही अंक घडी घालून ठेवला असेल.

आता वाईट बातमी. ती तुमच्या कानावर आली असेलच, तरी माझ्याकडून यायला हवी. मंडळाच्या सचिवांनी मला संध्याकाळी फोन केला. ते सभ्य गृहस्थ आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "तुमच्या लेखात बापाहून मोठ्या मुलाची थट्टा होती. आम्ही ती चूक काढायला निघालो, तर तुमचे वडील आडवे येतात. लोक काय समजतील?"

"काय समजतील?"

"की शास्त्रात चुका राहाव्यात अशी तुमची इच्छा आहे, आणि ती तुमचे वडील पुरी करताहेत."

मी त्यांना सांगितलं की आम्ही बोलतच नाही. ते म्हणाले, "हो, पण ते आम्हाला माहीत आहे. लोकांना कुठे माहीत आहे?"

सचिवांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हेही लिहायला हवं. काही जुन्या भाषांतरांत बावीस आहे. आज कितीतरी छापील प्रतींत बावीसच छापतात. मूळ नक्कल करणाऱ्याचा हात घसरला असेल, हे शक्य आहे. ते म्हणाले, "तरुण पोरं वाचतात, हसतात आणि निघून जातात. एका आकड्यापायी माणसं का गमवायची?" असं बोलणारा माणूस कळपाची काळजी करतोय, लबाडी करत नाहीये. तुमचं उत्तर मला व्यवस्थापकांकडून कळलं होतं, ते मी त्यांना ऐकवलं: "मग खाली टीप द्या. वरचं खोडू नका."

ते म्हणाले, "टीप दिली की प्रश्न दिसतो."

बाबा, माझं या विसंगतींशी भांडण कधीच फार मोठं नव्हतं. माझ्या टेबलावर एकाच अपघाताच्या चार बातम्या येतात. एकात ट्रक डावीकडून येतो, दुसऱ्यात उजवीकडून. एकात जखमी माणूस स्वतः चालत जातो, दुसऱ्यात त्याला उचलून नेतात. चारही बातम्या अक्षरशः जुळल्या तर मला शंका येते की यांनी चहाच्या टपरीवर बसून एकमेकांचं उतरवलंय. तेव्हा गल्याथ दोनदा मेला म्हणून माझं काही बिघडत नाही. माझा मुद्दा एवढाच, की अपघात बघणारे चार जण होते असं म्हणा. चारही बातम्या सगळं जाणणाऱ्या एकानंच सांगून लिहवून घेतल्या असं म्हणू नका. हे तुम्हाला पटत नाही, ठाऊक आहे. पण माझ्या लेखामुळे तुमच्यावर बोट रोखलं जातंय, आणि ते कसं खाली आणायचं हे मला सुचत नाहीये.

मोठी

१४ मार्च, शुक्रवार

बाबा,

मथळ्याचं आज कळलं. आत्या फोनवर इतक्या घाईत बोलत होती की मला दोनदा विचारावं लागलं. बुधवारी तुम्ही पुन्हा वाचन थांबवलंत. इफ्ताहच्या गोष्टीवर आजवर 'इफ्ताहचा नवस' असा मथळा होता. इस्त्रीवाल्यांनी तो 'इफ्ताहची निष्ठा' केला होता. मथळा तर मूळचा नाहीच, छापखान्यानं वाचकांच्या सोयीसाठी घातलेला. त्यामुळे बदलायला हरकत नाही असं त्यांना वाटलं. आणि तुम्ही म्हणालात:

"खाली काय घडतंय ते वाचा आणि मग वर काय लिहायचं ते सांगा."

इस्त्रीवाल्यांनी वाचलं म्हणे. लढाई जिंकली तर घरातून जे पहिल्यांदा समोर येईल त्याचं होमार्पण करीन, असा नवस. घरी येतो तर समोर एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत. वाचून संपल्यावर ते म्हणाले, "पण त्यानं शब्द पाळला ना?" तुम्ही म्हणालात, "पाळला. म्हणूनच मथळ्यात नवस आहे. शाबासकी खाली कुठे दिसते का?"

मी फोन हातात धरून कार्यालयाच्या जिन्यावर बसले. मागून छायाचित्रकार आला, म्हणाला, "काय झालं, कुणी गेलं का?" म्हटलं, "नाही रे. उलट."

तुमचे आभार का मानायचे आहेत, ते सांगायचं राहिलं होतं. तुम्हाला हा प्रसंग आठवत नसेल. शाळेला सुट्टी होती आणि तुम्हाला वाचून दाखवणारा आजारी पडला होता. तुम्ही प्रुफं घरी आणली, जेवणाच्या टेबलावर पसरली आणि मला वाचायला बसवलंत. मी मोठ्यानं वाचायचं, तुम्ही छापील ओळीवर बोट फिरवायचं. मी भराभर वाचत होते आणि त्या मुलीपाशी येऊन अडले.

"पुढे?" तुम्ही म्हणालात.

"बाबा, त्यानं तिला खरंच मारलं?"

"इथं लिहिलंय की नवसाप्रमाणे केलं."

"देवानं थांबवलं नाही? त्या दुसऱ्या गोष्टीतला बाप मुलाचा बळी द्यायला निघाला, तेव्हा तर डोंगरावर थांबवलं होतं. मुलाच्या जागी मेंढरू पण दिलं होतं."

"इथं थांबवल्याचं लिहिलेलं नाही."

"का?"

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "मला माहीत नाही," म्हणालात. मग मला खेळायला पाठवून दिलंत.

पुढच्या रविवारी मी पाळकांना विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तिला मारलं नाही गं, तिनं फक्त लग्न केलं नाही, आयुष्यभर मंदिरात सेवा केली. मी धावत घरी आले. इतका आनंद झाला होता! तुम्ही पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलंत. "असेलही. दाखव कुठे लिहिलंय." मी शोधलं. मंदिर नव्हतं, सेवा नव्हती. होमार्पण होतं. मी रडायला लागले आणि आई तुमच्यावर ओरडली, "पोरीला जरा सुखानं राहू द्याल की नाही?"

माझी श्रद्धा कुणी घालवली याचा मंडळात शोध चाललाय म्हणे. त्यांना खुशाल सांगा: मी सोडून गेले ती बेचाळीस-बावीसवरून नाही. त्या मुलीवरून गेले. आणि अशी ती एकटीच नव्हती. लढाईनंतर पुरुष, बायका, मुलगे मारून कोवळ्या मुली स्वतःसाठी ठेवा असं सांगणारं पान होतं. दासाला मारलं आणि तो लगेच न मरता दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण तो त्याची मालमत्ता आहे, असं सांगणारं पान होतं. ही सगळी पानं मी तुमच्याच टेबलावर, तुमच्यासाठी मोठ्यानं वाचली. त्याच टेबलावर परक्याला स्वतःसारखं वागवा, शेताचा कोपरा गरिबासाठी न कापता सोडा, हेही वाचलं. ते मला आजही पाठ आहे आणि ते मी सोडलेलं नाही.

दुसऱ्या कुणी मला गोड गोष्ट सांगून गप्प केलं असतं. तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणालात. पस्तीस वर्षं शास्त्र वाचलेला माणूस शाळकरी पोरीला असं म्हणू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. पुढे मंत्र्यांना, पोलिसांना, मोठमोठ्या डॉक्टरांना प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा माझा आवाज कापला नाही, तो त्यामुळे. तुम्ही विश्वासात राहिलात, मी बाहेर पडले. पण दोघंही त्याच पानावरून.

हे सांगायचं होतं. चार वर्षं उशीर झाला.

मोठी

१९ मार्च, बुधवार

बाबा,

मंडळाची अट व्यवस्थापकांनी कळवली. त्या छापखान्यात मुख्य वाचकाच्या, म्हणजे तुमच्या, सहीशिवाय शास्त्राचं पान यंत्रावर चढत नाही, हा जुना रिवाज आहे म्हणून तर हे सगळं अडलंय. येत्या २७ तारखेला, गुरुवारी, ते पुन्हा बसणार. तुम्ही एक निवेदन द्यायचं: मुलीच्या लिखाणाशी आपला संबंध नाही, तिनं शास्त्राचा विपर्यास केला आहे. ते दिलंत तर तुमच्या दुरुस्त्यांवर ते मोकळ्या मनानं पुन्हा विचार करतील. नाही दिलंत तर मुख्य वाचक दुसरा नेमतील, सही तो करेल, आणि बेचाळीस, गल्याथ, दोर, मथळा, सगळं इस्त्रीवाल्यांच्या मनासारखं जाईल. तुमच्या हातची ही शेवटची आवृत्ती.

आत्या म्हणते, "दादा जेवतोय नीट, पण पोळी चहात बुडवून तशीच धरून बसतो."

बाबा, सही करा. मनापासून सांगते, मला काही वाटणार नाही. माझ्याविरुद्ध याहून जहाल मजकूर आम्ही 'वाचकांचा पत्रव्यवहार' या सदरात दर आठवड्याला छापतो आणि मी स्वतः त्यातल्या चुका दुरुस्त करते. एक वाचक तर मला नरकात पाठवताना प्रत्येक वेळी पत्ता पिनकोडसह लिहितो.

मंडळाच्या सचिवांचा मसुदा मला वाचून दाखवला गेला. लांबलचक आहे, एकाच वाक्यात तीन वेळा 'सदर' आहे. तुम्ही त्यावर सही केलीत तर मला खरंच वाईट वाटेल. म्हणून मी स्वतः एक लिहून पाठवतेय. आत्याला दोनदा वाचायला सांगा:

"माझी मुलगी वर्तमानपत्रात लिहिते. तिच्या लिखाणाशी माझा संबंध नाही. तिने पवित्र शास्त्र चुकीचे वाचले असून त्याचा विपर्यास केला आहे. या आवृत्तीत जुन्या प्रतीप्रमाणे मजकूर ठेवावा, ही माझी मागणी तिच्या सांगण्यावरून नाही. ती मी आजवर केलेल्या कामाला धरून आहे."

पाच वाक्यं. मंडळाला हवं ते आहे, तुम्हाला हवं तेही आहे. अशा कामाचा मला पगार मिळतो, त्यामुळे संकोच करू नका.

मोठी

२४ मार्च, सोमवार

बाबा,

माझा मसुदा आज टपालानं परत आला. पाकिटावर पत्ता आत्याच्या अक्षरात, पण आतल्या खुणा तुमच्या. हात ओळ सोडून गेलाय, तरी ती खोडायची खूण मी कुठेही ओळखीन. तिसरं वाक्य तुम्ही पुरतं काढून टाकलंत आणि समासात मोठ्या अक्षरांत लिहिलंत: "वाचन बरोबर. निष्कर्ष माझ्या मते चुकीचा." दुसऱ्या वाक्याला फक्त प्रश्नचिन्ह. "संबंध नाही?"

मी आत्याला फोन लावला. "काय झालं गं नक्की?"

"काय व्हायचंय! मी वाचलं, 'चुकीचे वाचले असून'. तर म्हणाला, थांब. म्हटलं, अरे, सही कर आणि मोकळा हो, पोरीनंच लिहून दिलंय. तर माझ्यावरच डाफरला, 'तिनं लिहिलं म्हणून खरं होतं का? मी तिला ओळ अन् ओळ वाचायला शिकवलंय. ती चुकीचं वाचत नाही. जे खरं नाही त्याच्यावर मी सही कशी करू?' मग बसला भिंग घेऊन. अख्खी सकाळ घालवली त्या दोन ओळींवर!"

"आणि दुसरं वाक्य?"

"ते मी विचारलं. म्हणाला, 'संबंध आहे. ती माझी मुलगी आहे.' एवढंच. मग चहा मागितला."

मी ते वाक्य नवं केलंय. आता मजकूर असा आहे, बरोबर आहे का पाहा: "माझी मुलगी वर्तमानपत्रात लिहिते. ती शास्त्र जसे आहे तसे वाचते. त्यावरून ती जो निष्कर्ष काढते तो माझ्या मते चुकीचा आहे. या आवृत्तीत जुन्या प्रतीप्रमाणे मजकूर ठेवावा आणि शंका असेल तिथे खाली टीप द्यावी, ही माझी मागणी आहे. ती मान्य नसेल तर शेवटच्या पानावरून मुख्य वाचक म्हणून माझे नाव काढावे." शेवटचं वाक्य तुम्ही आत्याकडून सांगितलंत तसंच ठेवलंय. मला ते आवडलं नाही, पण ते तुमचं आहे.

मंडळाला हवा होता तो हा कागद नव्हे, हे उघड आहे. व्यवस्थापकांचा अंदाज आहे की मंडळ निम्मं निम्मं फुटेल. सचिव अजून काही बोललेले नाहीत. कालच त्यांनी इस्त्रीवाल्यांना टिपांना किती जागा लागेल ते मोजायला सांगितलं, एवढं कळलंय. त्यावरून मी काही ठरवत नाही. तुम्ही हरलात तर नाव निघेल आणि तुम्ही घरी बसाल. त्याची तुमची तयारी आहे, असं आत्या म्हणते. माझी नाही, पण मी शिकेन.

निवेदन वाचणार कोण, हा प्रश्न होता. आत्या म्हणाली, "मी वाचलं तर मध्येच हसेन नाही तर रडेन, माझा भरवसा नाही." व्यवस्थापकांनी इस्त्रीवाल्यांचं नाव सुचवलं. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी आज दुपारी मला स्वतः फोन करून सांगितलं, आणि खात्री करायला मी दोनदा विचारलं: "वाचायला माझी मुलगी येईल."

येते, बाबा. माझा निष्कर्ष चुकीचा आहे हे वाक्य मी मंडळासमोर उभी राहून, खणखणीत आवाजात वाचीन. त्यातलं काही गिळणार नाही. आतून पटलेलं नसेल, पण तुम्ही म्हणता ते तसंच्या तसं त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

गुरुवारी बैठक अकराला आहे. मत पडलं की दुपारपर्यंत निकाल कळेल. शुक्रवारी सकाळी यंत्र चालू होणार, काहीही ठरलं तरी. मी रजा टाकलीय, उपसंपादकानं विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, "वाचायला." तो म्हणाला, "इथे काय करता मग?"

माझी बस साडेनऊला पोहोचते. आत्या म्हणते, तुम्ही वेळ विचारलीत आणि ती कोणत्या फलाटावर लागते तेही विचारलंत. तिसऱ्यावर लागते. गर्दी असेल, आणि लांबून तुम्हाला माझा चेहरा दिसणार नाही. तुम्ही खांबापाशी उभे राहा, कुठे जाऊ नका. मी उतरले की हाक मारीन.

मोठी